गोळी विरघळेपर्यंत

भवानी पेठेत आमच्या घराला लागून मागांची खोली होती. सहा माग. माझे मालक वारल्यावर ते मी भंगारात घातले, पण फरशीत बोल्टांची भोकं अजून आहेत बघा. आता त्या खोलीत गर्दची नशा सोडणाऱ्यांना रोजची गोळी देतात. आधी ती फक्त मोठ्या दवाखान्यात मिळायची. माझा धाकटा भाऊ आमच्याच मागावर राबलेला. तो रोज तिथवर जायचा कंटाळा करायचा, आणि दोन दिवस खाडा झाला की परत सुई. म्हणून म्हटलं, घ्या माझी खोली.

शेजारीण म्हणाली, "गर्दुल्ल्यांना घरात घेतलंस व्हय, अक्का?"

"त्यातला एक माझाच हाय की," मी म्हटलं.

गोळी जिभेखाली ठेवायची आणि विरघळेपर्यंत बोलायचं नाही. दहा मिनिटं. माझ्यासारख्या बडबड्या बाईला लई जड. जिथं पूर्वी कानाला तोंड लावून ओरडावं लागायचं, तिथं बारा माणसं ओठ मिटून, डोळे मिटून भिंतीला टेकलेली. मी दाराशी स्टुलावर. हळूहळू मला एकेकाचा श्वास वेगळा ऐकू यायला लागला. सवय जुनी. भाकरी थापताना आतला एक माग बंद पडला, तरी कुठला ते मला कळायचं.

एका सकाळी तसंच झालं. एक थांबला.

कुणी हललं नव्हतं. मी न बघताच ओरडले, "तीन नंबर!"

तीन नंबरच्या मागाच्या भोकांवर भाऊ बसलेला. ओठ जांभळे. घरूनच झोपेच्या गोळ्या खाऊन आला होता. गोळी देणाऱ्या सिस्टरनं त्याला आडवा केला, तोंडावर रबरी फुगा धरला आणि गाडी येईपर्यंत दाबून दाबून श्वास भरला. बाकीचे अकरा तोंड मिटूनच बघत होते. गोळी विरघळायची होती ना.

वाचला. परत यायला लागला तेव्हा म्हणाला, "अक्का, अशी टक लावून बसू नगंस. मी वाजवत बसतो, मग तर झालं?" तेव्हापासून गोळी ठेवली की तो फरशीवर बोटानं मागाचा ठोका धरतो. खट्, खट्. तो ऐकत मी निवांत भाजी निवडते.

परवाही निवडत होते. ठोका चालू होता. सहज मान वर केली, तर तीन नंबर रिकामा.

अकराही जणांचे हात मांडीवर. ठोका चालूच, तीन नंबरच्या भोकांतून.

सिस्टरला म्हटलं, त्याला फोन लाव. तिनं फोन माझ्या कानाला लावला.

"चप्पल तुटली गं, अक्का. आलोच की."

आला. बसला, गोळी ठेवली आणि चालू ठोक्यात बोट मिसळलं. मधे एकही खट् चुकला नाही.