आपली गाडी, आमची गाडी

आमच्या वस्तीवर उन्हावर चालणारी जी गाडी आली, ती मुळात आफ्रिकेसाठी बनवलेली होती. हे सगळ्यांत शेवटी कळलं ते मला, आणि गाडी चालवत होते मीच.

गाडी आणली माझ्या मामेभावानं. मला सख्खा भाऊ नाही. लहानपणापासून भाऊ म्हणजे हाच. इंजिनियर झाला, सांगलीला विश्रामबागेत एका कंपनीच्या ऑफिसात बसायला लागला, तरी आमच्याकडं आला की चुलीपुढं मांडी घालून बसायचा आणि “आक्का, भाकरी हाय का गं?” म्हणून विचारायचा. शिकून साहेब झालेली माणसं आधी बोली टाकतात. यानं टाकली नव्हती, म्हणून मला त्याचं भारी कौतुक.

आमची वस्ती कवठे महांकाळपासून आत, माळावर. एसटी येत नाही. घरात गडीमाणूस आणि मोटारसायकल असेल त्याच बाईनं तालुक्याला जायचं, बाकीच्यांनी वाट बघायची. माझे मालक फौजेत, म्हणजे मी कायमची वाट बघणाऱ्यांतली. अशा ठिकाणी तीन चाकांची, छपरावर सोलरच्या पाट्या असलेली गाडी येऊन उभी राहिली. जादाची बॅटरी भरायला आमच्या गोठ्याच्या पत्र्यावरही पाट्या बसवल्या. “आक्का, हितल्यासारखं ऊन न्हाई कुटं,” भाऊ म्हणाला. उन्हाचं कुणी कौतुक करतंय हे आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

पारावरच्या गड्यांनी टिंगल सुरू केली. “पावसाळ्यात काय छत्रीवर चालीवणार व्हय रं?” चालवायला एकजण पुढं येईना. मला त्याच सुमारास अंगणवाडीत मदतनीस म्हणून जागा मिळत होती. भाऊ म्हणाला, “ती सोड आक्का. तू गाडी चालीव. आपली गाडी हाय ही, हितनं हलायची न्हाई.” हे तो माझ्या सासूबाईंच्या समोर म्हणाला. मी जागा सोडली, ती दुसऱ्या बाईला गेली. फोनवर मालक एवढंच म्हणाले, “चालव. फक्त खड्डे बघून.”

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांना जनावरांची माया मोठी. पहिल्याच उन्हाळ्यात मी जेवायला बसले असताना त्यांनी शेजारच्या पोरांकडून गाडी ढकलून लिंबाखाली नेली आणि वरून ओलं बारदान टाकलं. “तापलीती गं बिचारी,” म्हणाल्या. उन्हावर चालणारी गाडी सावलीत ओल्या बारदानाखाली गारेगार झोपली आणि दुपारी तालुक्याच्या एसटी स्टँडवर जाणाऱ्या बायका तिच्याकडं बघत उभ्या राहिल्या. भावाला सांगितलं तर तो हसून हसून खाली बसला. पुढं मीच छपराच्या कडेला एक रिकामं बारदान बांधून ठेवलं, आत्यांच्या समाधानाला.

दोन उन्हाळे मी ती गाडी चालवली. मिरजेला दवाखान्याला जाणाऱ्या म्हाताऱ्या, कॉलेजच्या मुली, दुधाच्या किटल्या, बाजाराच्या शेळ्या, सगळं स्टँडवर पोचवलं. साडी चाकात जाऊ नये म्हणून कुठं पत्रा लावावा, पायरी किती खाली घ्यावी, ओढ्याच्या वाळूत चाक रुतलं तर आधी माणसं उतरवायची की ओझं, हे सगळं मी रोज संध्याकाळी फोनमध्ये बोलून, रेकॉर्ड करून भावाला पाठवायचे. तो दरवेळी विचारायचा, “आज आपली गाडी काय म्हणती?” मला वाटायचं, माझ्या बोलण्याची जगात कुणाला तरी गरज आहे. खरं सांगते, तेवढं सुख मला आधी कशानं मिळालं नव्हतं.

मग एक दिवस ट्रक आला. पुढं बसलेला भाऊ खाली उतरला, पण चुलीकडं आला नाही.

“आक्का, ट्रायल संपली आहे,” तो म्हणाला. “ही गाडी आमची आहे. कंपनीची. आता ती आफ्रिकेला जाणार आहे. तिथल्या खेड्यांसाठीच आम्ही ती बनवली होती.”

मी आधी नुसती त्या ‘आहे’कडं बघत राहिले. माझ्या अंगणात उभं राहून तो माझ्याशी ‘आहे’ बोलत होता. ‘आमची’ त्याच्यानंतर टोचलं. ‘आपली’ म्हटलं की ऐकणारा घरात येतो, ‘आमची’ म्हटलं की उंबऱ्याबाहेर जातो. एवढं मराठी मला येतं.

“मग मी कोण रं?” मी विचारलं.

“तुम्ही खूप मदत केलीत,” तो म्हणाला. तुम्ही! ज्याचं नाक मी पदरानं पुसलं तो.

आत्या दारातून म्हणाल्या, “गरज सरो न् वैद्य मरो.” त्यानं ऐकलं आणि ट्रकवाल्यांना हात केला. माणसांनी गोठ्यावरच्या पाट्याही उतरवल्या. ट्रक साताऱ्यावरून मुंबईच्या बंदराकडं जायचा होता, म्हणून सगळ्यांना घाई. पत्र्याला पडलेली भोकं बुजवायची मात्र कुणाला आठवण राहिली नाही.

परक्यानं नेली असती तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. यानं केसानं गळा कापला. अंगणवाडीची जागा गेली ती गेलीच, आता मी चालत निघाले की पारावरून विचारतात, “काय ड्रायव्हरीणबाई, आज पायीच?” आणि दवाखान्याची तारीख असलेल्या म्हाताऱ्या मला काहीच विचारत नाहीत, त्याचा त्रास जास्त होतो.

काही महिन्यांनी भावानं आफ्रिकेतला व्हिडिओ पाठवला. लाल मातीचा रस्ता, आणि डोक्याला रंगीत फडकं बांधलेली एक बाई तशीच गाडी चालवत होती. वळण आलं की जीभ दातांत धरायची आणि वळण पार झालं की मोठ्यानं हसायची. मी तो पुन्हा पुन्हा बघितला. तिचा राग यावा म्हणून वाट बघितली, पण आला नाही. तिनंही कुठली तरी जागा सोडली असेल का, हेच मनात येत राहिलं.

राखीपौर्णिमेला भाऊ आला. येणार नाही असं वाटलं होतं. पाटावर बसला, मी ओवाळलं, राखी बांधली. त्यानं खिशातून पाकीट काढून ताटात ठेवलं.

“ह्ये नगं,” मी म्हणाले. “ओवाळणी म्हणून येकच दे. त्या बाईची गाडी काढून घिऊ नगंस.”

त्यानं पाकीट उचलून परत खिशात घातलं. मग तो हळूच, आमच्या बोलीत म्हणाला, “आक्का, तितंबी ट्रायलच हाय.”

मी त्याचा हात ओढून घेतला आणि राखीची गाठ सोडली.