पाठीमागून फाडलेला कोट

मलकापुरात स्टेशनजवळ तो पासपोर्ट फोटो काढतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. फोटोसाठी तो प्रत्येकाला खुंटीवरचा एकच काळा कोट घालायला देतो. कोट पाठीमागून उभा फाडलेला आहे, त्यामुळे कुणालाही बसतो.

अर्जांसाठी मी वरचेवर त्याच्याकडे जायचो. माझी हनुवटी दोन बोटांनी वर करता करता तो विचारायचा, "भाऊ, पुढं काय घेऊ? लेन्स का लाईट?"

एकदा मीच म्हटलं, लेन्स घ्या.

पुढच्या वेळी तो तोंड फुगवून बसला होता. "लेन्स घेतली अन् कोटाच्या कॉलरले केलेलं रफू दिसाले लागलं. लोक फोटो वापस करून राह्यले."

मग त्यानं नवा कोट शिवून घेतला आणि तोही पाठीमागून फाडला. नव्या कोटापुढे पडदा मळका दिसायला लागला. पडदाही नवा आला.

परवा माझा फोटो काढून तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग माझ्याकडे.

"आता काय घेताय?" मी विचारलं.

"सामान त सारं झालं, भाऊ," तो हळूच म्हणाला. "आता गिऱ्हाईक बदलवा लागते."

अंगावरचा कोट पुढून कडक होता. पाठीला पंख्याचा वारा लागत होता.