अण्णांचा स्क्रॅबल आणि शाहूपुरीतली फायनल

दोन हजार एक साल... डिसेंबरचा रविवार, शाहूपुरीतल्या एका हॉलमध्ये स्क्रॅबलची, म्हणजे इंग्रजी अक्षरं बोर्डावर जुळवून शब्द लावायच्या खेळाची फायनल. समोर इंग्लिश मीडियमचा एक मुलगा आणि इकडे मी, कागलची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. जिंकणारा पुण्याच्या फेरीला जाणार होता आणि मला पुण्याला जायचंच होतं.

मी जिंकणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. उगाच नम्रपणा कशाला... चार वर्षं घरात दर रविवारी खेळत होते आणि सेमीफायनलपर्यंत सगळ्यांना आरामात हरवलं होतं.

आमच्या घरी तो बोर्ड दादाने रद्दीच्या दुकानातून आणला होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, फाउंड्रीत मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे बनवणारे. सातवीपर्यंत शिकलेले, इंग्रजी अक्षरं ओळखायचे तेवढीच. पण पहिल्याच दिवशी ते मांडी घालून बोर्डाजवळ बसले आणि त्यांनी नियम काढला. शब्द लावणाऱ्याने त्याचा अर्थ मराठीत सांगायचा, अण्णांना तो पटला तरच पॉइंट. अर्थ आला नाही तर अक्षरं उचला.

त्यामुळे आम्ही डिक्शनरी घेऊन बसायचो. 'कूम' म्हणजे कोळशाची भुकटी, 'युअर' म्हणजे रुंद तोंडाचा पाण्याचा चंबू, 'हॉड' म्हणजे विटा वाहायचं घमेलं, फक्त दांड्यावर बसवलेलं. घमेल्याला दांडा कशाला, यावर अण्णांनी अर्धा तास वाद घातला होता.

हळूहळू तेही खेळायला लागले. त्यांचा पहिला शब्द फाउंड्रीतल्या ड्रॉइंगवर बघून ठेवलेला 'स्प्रू'... वितळलेलं लोखंड साच्यात ज्या वाटेने ओततात ती वाट. आम्ही दोघंही तो शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होतो. दादाने डिक्शनरीत शोधला आणि सापडल्यावर अण्णा दिवसभर खुशीत होते.

तर फायनल. माझ्याकडे 'स्प्रू'ची पाचही अक्षरं आली होती आणि कोपऱ्यात तिप्पट पॉइंटची जागा मोकळी होती. तेवढ्यात त्या मुलाने दुसरीकडे 'झॅक्स' लावला.

मी कधी ऐकला नव्हता. मी त्याला अर्थ विचारला. तो खांदे उडवून म्हणाला, माहीत नाही, लिस्टमध्ये पाठ केलाय.

मला वाटलं, सापडला! मी रुबाबात हात वर करून चॅलेंज दिलं. पंच मॅडमनी डिक्शनरी उघडली आणि शांतपणे सांगितलं की शब्द आहे, चॅलेंज फेल, माझी एक पाळी गेली. मी म्हटलं, पण त्याला अर्थ येत नाही. त्या म्हणाल्या, अर्थ यावा असा नियमच नाही.

नियमांचा कागद सकाळीच हातात दिला होता. मी तो न वाचता घडी करून पर्समध्ये टाकलेला. चार वर्षं खेळतोय, त्यात काय वाचायचं...

माझ्याबरोबर आलेले अण्णा मागच्या खुर्चीवरून उठले. आणि त्यांचा आवाज आला, अख्ख्या फाउंड्रीला ऐकू जाईल असा.

"मॅडम, पर त्याचा अर्थ काय हाय?"

सगळे हसले. माझे कान गरम झाले. पंच मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी वाचून सांगितलं, छपरावरच्या दगडी पाट्या कापायचं आणि त्यांना भोक पाडायचं हत्यार. अण्णांनी मान डोलावली आणि खाली बसले.

पुढच्या पाळीत त्या मुलाने माझी कोपऱ्यातली जागा घेतली. मी अकरा पॉइंटने हरले.

कागलच्या एसटीत अण्णांनी दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाले, "चूक माझी हाय. मला इंग्रजी येत न्हवतं, म्हणून त्यो नियम काढलेला. तुमच्यात बसायला मिळावं, येवढंच. उद्यापासनं बंद. त्यांच्या नियमानं खेळा."

चार वर्षांत हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं... मला वाटायचं ते आमची परीक्षा घेतात. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आलं म्हणून रागही आला. मी म्हटलं, "मग तुम्ही कुणासंगं खेळणार? काही बंद करायचं न्हाई."

कागलला उतरताना अण्णांनी हळूच विचारलं, "त्यो झॅक्स आपल्यात चालंल न्हवं? आता अर्थ म्हाईत हाय की."

पुढच्या वर्षी मी नियमांचा कागद दोनदा वाचून गेले, जिंकले आणि पुण्याला खेळून आले. घरी मात्र नियम अण्णांचाच राहिला. आज मी इंग्रजी शिकवते. एकेक शब्द अण्णांना पटेपर्यंत सांगत होते, तिथेच शिकवायला शिकले. त्यांचे आभार तेव्हा मानायचे राहून गेले होते, म्हणून आज सगळ्यांसमोर मानते... अण्णा, थँक्यू.