कुर्डूची अकरा रोपं

१ जुलै १९५४ रोजी, महिना अठरा रुपये आठ आणे पगारावर, पंचफुलाबाई आर्वीजवळच्या शेतकी फार्मावर लागली. निंदणाला तिचा हात नावाजलेला. तिच्या मागे ओळीत गवताची काडी सापडायची नाही. आणि नेमकं तिलाच काम मिळालं ते तण राखायचं.

तिथले संशोधक ताराचंद साहेब यांनी एका तुकड्यात मोजून कुर्डूचं बी पेरलं होतं. कापसात दिसलं की बाया उपटून फेकतात, तेच कुर्डू. पंचफुलाबाईने रोज नवी रोपं मोजायची आणि प्रत्येकापाशी त्या सालच्या रंगाची खुंटी रोवायची.

"एक बी पहिल्या वर्षी उगवतं, त्याच्याच शेजारचं पाचव्या वर्षी. असं का, ते पाहायचं आहे," साहेब म्हणाले.

"पाहून काय करता?"

"ते अजून मलाही ठाऊक नाही. आधी कळू तर द्या."

"सरकारले पैसा जड झाला वाट्टे," ती म्हणाली.

पण दुसऱ्या पावसाळ्यापासून तिलाच चैन पडेना. उजाडताच तुकड्यापाशी उकिडवी बसून ती आपल्या गोंडी बोलीत रोपं मोजायची. वस्तीतल्या बायांना मात्र तिने कधी खरं सांगितलं नाही. पगार घेऊन कचरा राखते म्हटल्यावर त्या हसल्या असत्या. "फार्मावर प्लॉट पाहतो," एवढंच ती सांगे.

१९५८ साली, पाचव्या पावसाळ्यात, अकरा रोपं उगवली. या उशिराच्या रोपांचं बीही उशिराच उगवतं का, हे त्यांचं बी धरून पुन्हा पेरल्यावर कळणार होतं. ऑगस्टमध्ये पंचफुलाबाई लेकीच्या बाळंतपणाला नाचणगावला गेली. साहेब नागपुरास होते.

आठ दिवसांनी ती परतली, तर तुकडा अंगणासारखा स्वच्छ. खुंट्या बांधावर रचलेल्या.

शेजारची कुंताबाई हसत आली. "दोघी जणी दोन दिवस लागलो व. लेकीपाशी गेलतीस, मंग तुहं काम कोणं कराचं? केवढा कचरा होता, माय! तुहा प्लॉट अन् असा?"

बाई अडली की तिचं निंदण इतरांनी उरकायचं, मग तिने तेवढेच दिवस फेडायचे, ही वस्तीची सावड. रागवावं तरी कुणावर? "बरं केलं," पंचफुलाबाई म्हणाली.

साहेब आले तेव्हा ती बांधावरच उभी होती. "चूक मही आहे. मी त्याह्यले सांगतलंच नाई."

साहेबांनी बांधावरची एक खुंटी उचलून पाहिली. "त्यांनी काम मात्र छान केलं," एवढंच बोलले.

"मंग थे बी उशिरानं काऊन उगवते?"

"आता नाही सांगता येणार, बाई."

पुन्हा पेरायचं तर आणखी पाच वर्षं हवी होती. उपयोग काय, या वरच्या कचेरीच्या प्रश्नाला साहेबांकडे तेव्हाही उत्तर नव्हतं. पुढच्या मार्चअखेर फार्मावरचं हे काम बंद झालं आणि पंचफुलाबाई पुन्हा निंदणाला जाऊ लागली. कुर्डू हाती आलं की तिचा हात थांबायचा, आणि ओळीत ती मागे पडायची.

१९५९ सरलं तेव्हाही कुंताबाईची ती दोन दिवसांची सावड पंचफुलाबाईकडून फेडायची राहिली होती.