सातव्या वळणावरची राहिलेली सही

टेकडीच्या पायथ्याशी बस थांबते तिथे, चपलांचं दुकान आणि पिठाची गिरणी यांच्या मधल्या फटीत एक टपरी आहे. फटच म्हणायची, कारण आत दुसरा माणूस शिरला की पहिल्याला श्वास आत ओढावा लागतो. भिंतभर खिळे आणि खिळ्याखिळ्याला किल्ल्या. वारा आला की ती सगळी भिंत हलक्या आवाजात बोलायला लागते. या भिंतीला पाठ लावून किल्लीदादा बसतो.

हाताचा पक्का माणूस. गंजून गेलेलं कुलूप कानाशी धरून तो असा हलवतो, की वाटावं आतून कोणी त्याच्याशी बोलतंय. पण त्याचा एक हट्ट आहे. साबणाच्या वडीवर किल्लीचा ठसा घेऊन कोणी आलं की तो वडी परत करतो आणि म्हणतो, "हिने अंघोळ करा. किल्ली हवी असेल तर कुलूप घेऊन या."

वर्षातले दोन दिवस मात्र टपरी बंद. त्या दोन्ही दिवशी टेकडीच्या रस्त्यावर मोटारींची शर्यत असते. गाड्या एकेक करून खालून सुटतात आणि वळणं घेत माथ्यावर जातात. प्रत्येक वळणावर आसपासच्या गावांतले स्वयंसेवक झेंडे घेऊन उभे राहतात. पगार नाही. एक नारिंगी जाकीट, जेवणाचा डबा आणि संध्याकाळी भाजून निघालेली मान, एवढीच कमाई. किल्लीदादा सत्तावीस वर्षं सातव्या वळणाचा प्रमुख होता. गाडी दिसण्याआधी आवाजावरून तो सांगायचा, "हा घाईत आहे. सांभाळा."

या कामाचा एक नियम आहे. पहाटे पायथ्याच्या शाळेत कागदावर सही करायची आणि मगच वर जायचं. कारण कोणी जिवाला मुकलं, तर शर्यतीच्या संघटनेचा मदतनिधी त्याच्या घरच्यांना सांभाळतो, पण नाव त्या कागदावर असलं तरच. नव्या लोकांना हा नियम किल्लीदादाच शिकवायचा.

त्या वर्षी त्याचा एक झेंडेवाला तापाने आला नाही. रस्ता बंद व्हायला दहा मिनिटं उरली होती. तेवढ्यात दूधगाडीवाला वरच्या वाडीला दूध टाकून परत निघालेला दिसला. पाच वर्षं झेंडा धरलेला माणूस. त्या वर्षीच धंद्यामुळे नाही म्हणाला होता.

"काय रे, एक जण कमी आहे. थांबतोस?"

"थांबतो की. पण सही?"

"खाली जाऊन येईपर्यंत रस्ता बंद होईल. दुपारच्या सुट्टीत कर."

दूधगाडीवाल्याने गाडी आत शेतात लावली आणि जाकीट चढवलं. दुपारची सुट्टी काही आली नाही. अकराच्या सुमारास एक गाडी खडीवर घसरली आणि रस्ता सोडून यांच्या अंगावर आली. दूधगाडीवाला सगळ्यांत पुढे होता. पळण्याआधी त्याने शिट्टी मारली. मागचे चौघे बांधावर चढले. तो चढू शकला नाही.

तिसऱ्या आठवड्यात शर्यत भरवणाऱ्या क्लबचा सेक्रेटरी टपरीत आला. त्याचं औषधांचं दुकान आहे. माणूस मनाने वाईट नाही. त्याने किल्लीदादाच्या मांडीवर तो सह्यांचा कागद ठेवला. शेवटच्या नावाखाली एक ओळ रिकामी होती.

"त्याची सही दुधाच्या पावतीवर असेलच तुझ्याकडे. तुझ्यासारखा हात गावात कोणाचा नाही. आणि तुझ्या वळणाच्या नोंदवहीतलं त्या दिवसाचं पान फाडून टाक."

किल्लीदादाने कागद परत सरकवला. "ठशावरून किल्ली मी करत नाही."

"अरे, हे पाप नाही, पुण्य आहे."

"पुण्य असेल तर उजेडात करू."

"खरं सांगून मदत गेली, तर त्या बाईला काय तोंड दाखवशील?"

"हेच. दुसरं आणू कुठून?"

बोलला खरा, पण सेक्रेटरी गेल्यावर त्याने हातातली किल्ली अर्धवटच ठेवली आणि टपरी लवकर बंद केली.

दुसऱ्या दिवशी तो दूधगाडीवाल्याच्या घरी गेला. त्याची बायको कोंबड्यांच्या फार्मवर अंडी भरायला जाते; नुकतीच आली होती, हातांना अजून भुसा होता. दोघी मुली आत अभ्यास करत होत्या. किल्लीदादाने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. सही राहिली ती कोणामुळे, खोटी करायला कोण सांगतंय आणि आपण ती का करणार नाही, हेही.

"खरं बोललात आणि आमचं गेलं तर?" तिने विचारलं.

"तर तेही माझ्यामुळेच, वहिनी. पण खोटी सही पकडली गेली, तर पुन्हा दार ठोठावायची सोयही राहणार नाही."

तिने हातावरचा भुसा झटकला. मग म्हणाली, "त्या दिवशी काही न खाताच निघाले होते."

"माझ्या डब्यातला अर्धा पाव खाल्ला. अंडं मला ठेवलं. म्हणाला, घरी रोज बघतो."

तिच्या तोंडावर हसू येतायेता मोडलं. तिने दार लावून घेतलं आणि पुढे वर्षभर त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

शहरात निधीच्या कार्यालयात लांब टेबलामागे तिघं बसली होती. मधल्या वकीलबाईंनी वही वाचली. पेन्सिलीने लिहिलं होतं: 'सहा पन्नास. झेंडेवाला आजारी. दूधगाडीवाला उभा केला. सही बाकी.'

"हे लिहिताना नियम माहीत होता?"

"माहीत होता. मीच शिकवतो तो."

"मग दोष तुमचा."

"माझाच. म्हणून तर आलो. तो माझ्या शब्दावर उभा होता. चुकलो मी, त्याच्या मुलींना का शिक्षा? त्याच्या शिट्टीने वाचलेले चौघे बाहेर बाकावर बसलेत. त्यांनाही विचारा."

त्यांनी चौघांनाही विचारलं. महिन्याभराने पत्र आलं. प्रमुखाने नेमलेला तो स्वयंसेवकच, असं त्यात होतं. दोघी मुलींचं शिक्षण संपेपर्यंत घराला मदत मिळणार होती. दुसरं पत्र किल्लीदादाला आलं. यापुढे त्याला कुठल्याही वळणावर उभं राहता येणार नव्हतं. त्याने ते एका मोकळ्या खिळ्याला अडकवलं.

पुढच्या शर्यतीच्या दिवशी टपरी उघडी दिसली तेव्हा गिरणीवाल्याने पीठ चाळता चाळता विचारलं, "काय दादा, पंचांग चुकलं?"

"माझं नाही, टेकडीचं चुकलंय," किल्लीदादा म्हणाला आणि कामाला लागला.

पहिली गाडी वर सुटली तशी दूधगाडी टपरीसमोर येऊन थांबली, दोन आचके देऊन. गाडीतून दूधगाडीवाल्याची बायको उतरली.

"दादा, हिची दुसरी किल्ली हवी. मोठीही शिकतेय चालवायला." तिने अस्सल किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली.

त्याने मशीन लावलं. अर्धे दात कापून झाले असतील, वरून इंजिनाचा आवाज एकदम चढला. त्याचा हात थांबला. तिनेही मान वर केली.

"घसरली का?"

तो डोळे मिटून ऐकत राहिला. सातवं वळण. आवाज पुन्हा एकसारखा झाला.

"नाही. गेली नीट वर."

"मग चालू करा मशीन," ती म्हणाली. "दूध नासेल माझं."