शेवटच्या पानावरची दोन नावं

बायांनो, अकोल्याच्या जुन्या शहरातला आपला बायकांचा छापखाना तुम्हां सगळ्यांना आठवतो. तो अजून सुरू आहे, एवढंच तुम्ही विसरता. निर्मलाताई या वाढदिवसाला पंचाहत्तर वर्षांच्या होतील. आजही त्या सकाळी कुलूप काढतात आणि शिशाची अक्षरं, आपले खिळे, एकट्याच जुळवत बसतात. त्यांच्या गौरवग्रंथासाठी हे मी सांगते आहे, नात लिहून घेते आहे.

पहिल्या दिवशी मी त्यांना सांगितलं होतं, "मले अक्षर येत नाही, ताई." त्या म्हणाल्या, "मला भाकरी येत नाही. बसा." छापून झालेल्या पानाचे खिळे सोडवून आपापल्या खणात टाकायचे, हे काम मला मिळालं. आकार बघायचा, खण बघायचा. ताईंनी कधी घाई केली नाही, की चूक चारचौघींत काढली नाही.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर हात लागलेल्या प्रत्येकीचं नाव, ही रीत त्यांचीच. माझं नाव त्यांनी जुळवून दाखवलं. पुस्तक छापून आल्यावर मात्र मी अडून बसले, हे माझं नाव नव्हेच. शिशात ते उलटं पाहिलेलं, कागदावर सुलटं कसं ओळखू? ताईंनी हसू दाबलं आणि पानापुढे आरसा धरला.

नावांचं ते जुळवलेलं पान कधी पूर्ण सोडवलं नाही. पुढच्या पुस्तकालाही तेच. जी काम सोडेल तिने जाताना आपलं नाव आपल्या हाताने सोडवायचं, चहा प्यायचा आणि निघायचं. कोणी पुण्याला गेली, कोणी लेकीच्या बाळंतपणाला गेली ती तिकडचीच झाली. आता दोनच नावं उरलीत, ताईंचं आणि माझं. आणि मी गुडघे धरून अमरावतीला लेकाकडे. हा गौरवग्रंथही तुम्ही दुसरीकडे छापायला दिलात.

परवा मीच ताईंना फोनवर म्हटलं, आता माझं नाव काढून टाका. त्या म्हणाल्या,

"तुमचे खिळे तुम्हीच येऊन सोडा, गोदाबाई. मी हात लावणार नाही."

लावला असता तर पानावर त्या एकट्याच उरल्या असत्या.

म्हणून वाढदिवसाला मी अकोल्याला जाणार आहे, लेक नाही म्हणत असला तरी. नाव सोडवायला नाही. ताईंना पुष्कळ आयुष्य लाभो, नजर आणि बोटं शाबूत राहोत, आणि दार वाजवणारं कोणीतरी असो.

हार नको, केकही नको. त्यांना साखर आहे. जवसाची चटणी आणि ज्वारीच्या भाकरी पाठवा, दोघींपुरत्या. स्वतः आलात तर जास्त आणा. ताईंना भाकरी अजूनही येत नाही.