दोन बोटांवरचं विमान

कुठलीही वस्तू हातात आली की ती मुलगी आधी दोन बोटांवर आडवी ठेवून बघायची. पेन, पट्टी, कॅन्टीनमधला चमचा, एकदा तर माझा चष्मा. वस्तू डुलायची, थोडी सरकवली की स्थिर व्हायची आणि मग चोर सापडल्याच्या समाधानानं ती म्हणायची, "हा बघा तोल. इथं आहे." चष्मा परत देताना म्हणाली, "सर, तुमची उजवी काच जड आहे." खरं होतं. माझा उजवा डोळा जास्त अधू आहे. चष्मेवाल्यानं ते मोजून सांगितलं होतं, हिनं न मोजता.

चाकणच्या पट्ट्यात कंपन्यांच्या मधल्या मोकळ्या जागांत इंजिनीअरिंग कॉलेजं उगवली आहेत. त्यांतल्या एकात मी बावीस वर्षं गणित शिकवतो. आमच्या गेटवर संस्थापकांचा भला मोठा फ्लेक्स आहे. त्यावर ते सगळ्यांना नमस्कार करत उभे असतात. गेटच्या आत तो इतरांनी त्यांना करायचा असतो. असं कॉलेज तुम्हीही पाहिलं असेल. कदाचित शिकलाही असाल.

ती मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होती. कुरुळीत दोन खोल्यांत राहायची. वडील मूळचे बीडकडचे, निघोज्यातल्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर ऑपरेटर. एम-थ्री, म्हणजे दुसऱ्या वर्षाचा गणिताचा पेपर, त्यात दुसऱ्यांदा नापास झाल्यावर ती माझ्याकडे आली.

"सूत्रं पाठ आहेत, सर."

"मग अडतं कुठं?"

"हे कुठनं आलं ते कुणी सांगत नाही. आणि ते कळल्याशिवाय माझा हात पुढं जात नाही."

मी मास्तरी उत्तर दिलं, "परीक्षेत ते विचारत नाहीत."

"मग तुम्ही कुणाला विचारायचात, सर?"

प्रश्न उद्धट नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी कुणालाच विचारलं नव्हतं, हे सांगायला मला लाज वाटली. म्हणून आम्ही दर शनिवारी दुपारी एक तास बसायचं ठरवलं. ती थर्मोकोलचा पंख घेऊन यायची आणि मी त्याच्या गोलाईवरून तिला कलन, म्हणजे कॅल्क्युलस, शिकवायचो. तासाच्या शेवटी वहीत दोघांचंही अक्षर असायचं. काही पायऱ्या मलाही त्या वहीतच पहिल्यांदा नीट कळल्या.

शिकवणी एवढीच नव्हती. वर्कशॉपमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिचा स्वतःचा वर्ग भरायचा. कंपन्यांनी टाकून दिलेल्या पॅकिंगच्या थर्मोकोलमधून पहिल्या वर्षाची पोरं-पोरी तिच्याकडे विमानं करायला शिकायची. पुनावळ्याचा एक उत्साही विद्यार्थी हात मागं नेऊन विचारायचा, "ताई, फेकू का?"

"फेकतात तो कचरा. विमान सोडायचं असतं."

"सोडू का मग?"

"आधी बोटांवर. भावा, तुझ्या विमानाचा तोल कुठंय? सगळं देवाच्या भरवशावर हाय व्हय?"

आठ महिने खपून तिनं आणि चार मित्रांनी मोठं विमान केलं. दोन किलो वजन, पंख तिच्या उंचीपेक्षा लांब, पुढं मोटर. पंखाखाली लाल रंगाचे दोन ठिपके दिले होते. तिथं बोटं टेकवली की विमान सपाट राहायचं. दक्षिणेतल्या एका स्पर्धेला ते न्यायचं होतं आणि त्यासाठी संस्थापकांच्या सहीचं पत्र हवं होतं. वर्धापनदिनाला विमान उडवून दाखवा, मग सही करतो, असं त्यांनी सांगितलं होतं.

वर्धापनदिन तुम्हाला माहीत आहेत. आधी दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, मग ज्यांची ओळख करून द्यायची गरज नाही त्यांची अर्धा तास ओळख. मी स्टेजवर कडेच्या खुर्चीत, अंगावर शाल. शेवटी मैदानावर विमान आलं. सांस्कृतिक समितीचे एक प्राध्यापक ताट घेऊन उतरले. कुंकू लावलं, नारळ फोडला आणि हार काढला. झेंडूचा, जाडजूड, पाणी मारून टवटवीत ठेवलेला. पुढं मोटरचा पंखा होता म्हणून त्यांनी तो शेपटीच्या उभ्या पातीला अडकवला. फोटो झाले.

फोटो होईपर्यंत ती थांबली. मग हाराला हात घातला.

"अगं, राहू दे," संस्थापक माईकवरून म्हणाले. "देवाचं आहे, बाळा. छान दिसतंय."

"सर, शेपूट जड झालीय. नाक वर जाईल. हार काढते आणि लगेच उडवते."

"आयत्या वेळी अपशकुन नको," प्राचार्य म्हणाले. अभियांत्रिकीचे डॉक्टर आहेत ते.

तिनं वाद घातला नाही. दोन्ही हातांची बोटं लाल ठिपक्यांना टेकवून विमान उचललं. ते सगळ्यांसमोर धाडकन शेपटीवर कललं. मंडपात हशा पिकला. लोकांना वाटलं, पोरीला धरता आलं नाही. तिनं स्टेजकडे पाहिलं. म्हणजे माझ्याकडे.

"सर, तुम्ही सांगा ना."

माईक माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मी शाल सारखी केली.

तिनं रिमोट खुर्चीवर ठेवला. "मी नाही उडवणार." विभागप्रमुखांनी तो उचलून टीममधल्या दुसऱ्या मुलाच्या हातात दिला. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याच्यासमोर आम्ही सात प्राध्यापक बसलो होतो आणि सातही गप्प होतो.

विमान उठलं. नाक वर, आणखी वर, अगदी आभाळाकडे. क्षणभर ते हवेत उभं राहिलं. मग शेपटीकडून घसरलं, उलटलं आणि नाकावर आपटलं. आठ महिन्यांचं काम चार सेकंदांत संपलं. हाराला काही झालं नाही. सूत्रसंचालक म्हणाला, "प्रयत्नांबद्दल जोरदार टाळ्या!" आणि लोकांनी त्या वाजवल्या.

मग चौकशी समिती नेमली. नाचक्की झाली की ती नेमावीच लागते. आम्ही तिघं, त्यात गणिताचा माणूस मी. ती प्लास्टिकच्या पिशवीत तोच हार घेऊन आली. कुरुळीतल्या किराणावाल्याच्या काट्यावर वजन करून आणला होता.

"दीडशे ग्रॅम, सर. दोन दिवस सुकल्यावर. त्या दिवशी जास्तच असेल."

"टेबलावर असा टाकू नकोस. देवाचा हार आहे," विभागप्रमुख म्हणाले.

तिची आकडेमोड मी तपासली. बरोबर होती. तसं एका पानावर लिहून, सही करून दिलं. आठवड्यानं टाइप केलेला अहवाल सहीसाठी आला. त्यात लिहिलं होतं, 'विद्यार्थिनीच्या आकडेमोडीतील चुकीमुळे अपघात घडला.' माझं पान त्यात नव्हतं. खाली माझं नाव छापलेलं होतं आणि त्यावर सहीपुरती जागा होती. मी सही केली. कारणं विचारू नका. तुमच्याकडे असतात तीच.

मग तिला सांगण्यात आलं, 'माझे गणित चुकले' असं लिहून माफी माग, नाहीतर टर्म वर्क जमा होणार नाही. म्हणजे वर्ष गेलं. दोनदा गणितात नापास झालेल्या मुलीचं जे एक गणित सोळा आणे बरोबर आलं होतं, नेमकं तेच चुकलं म्हणून तिनं लिहून द्यायचं होतं.

तिच्या वडिलांना बोलावलं. पहिली शिफ्ट संपवून कंपनीच्या कपड्यांतच आले. संस्थापकांच्या केबिनमध्ये त्यांना कुणी बसा म्हटलं नाही. मी उठून खुर्ची दिली. माझं सगळं शौर्य हे एवढंच.

"समजवा मुलीला," प्राचार्य म्हणाले.

"आमीबी प्रेसला हार घालतो, साहेब," ते शांतपणे म्हणाले. "खंडेनवमीला. पूजा करतो, पेढा ठिवतो. पन मशीन चालू करायच्या आधी हार काढतो. न काढता बटन दाबलं तर सुपरवायजर आयमाय काढतो. देव काय म्हनत न्हाई."

"हा कारखाना नाही. ही शिक्षणसंस्था आहे."

"ते दिसतंय की."

प्राचार्यांनी माफीसाठी कोरा कागद पुढं सरकवला. वडील म्हणाले, "लेकरू नापास होतंय, साहेब. खोटं न्हाई लिहीत." आणि मुलीकडे वळून, "चल गं."

तिनं लिहून दिलं नाही. वर्ष गेलं. पुढच्या जूनमध्ये ती आली नाही. त्याच सुमारास एम-थ्रीचा निकाल लागला होता. तिसऱ्या खेपेला ती पास झाली होती, वर्गातल्या बऱ्याच हुशारांपेक्षा चांगल्या मार्कांनी. मी दोनदा फोन केला. वाजला, उचलला गेला नाही.

शेडमध्ये आता जुने फ्लेक्स ठेवतात.

अहवालातून गळालेलं ते पान मी आज इथं जोडतो. विमान दोन हजार ग्रॅम. हार दीडशे ग्रॅम, तोलाच्या बिंदूपासून ऐंशी सेंटिमीटर मागं. दीडशे गुणिले ऐंशी, भागिले एकवीसशे पन्नास. तोल साडेपाच सेंटिमीटर मागं सरकतो. विमानाला सोसत होते तीन. हा गुणाकार-भागाकार सातवीतला मुलगा करेल. स्टेजवर बसलेल्या आमच्यापैकी एकानंही केला नाही, आणि ज्या मुलीनं तो केला तिला आम्ही गणितात चुकलीस म्हणालो. गणित तिचं बरोबर होतं.

गेल्या खंडेनवमीला कुरुळी फाट्यावर एका कंपनीची बस सिग्नलला थांबली होती. पूजा झालेली दिसत होती, पुढच्या काचेवर कुंकवाचं बोट होतं. हार मात्र ड्रायव्हरनं काढून आत डॅशबोर्डवर ठेवला होता. चौथ्या खिडकीत ती होती. निळा शर्ट, गळ्यात कार्ड, दोन बोटांवर स्टीलची पट्टी.

मी स्कूटरवरून हात वर केला. तिनं माझ्याकडे पाहिलं, ओळखलं. सिग्नल सुटेपर्यंत बघत राहिली. बोटांवरची पट्टी जराही हलली नाही.